राजाची टिपणं आणि डॉक्टरांची वही

तंजावूर म्हटलं की बृहदीश्वराचं मंदिर आठवतं, मराठी राजे आठवतात. मला मात्र तिथली डोळ्यांची टिपणं आठवतात.

सरफोजीराजे दुसरे १७९८ ते १८३२ या काळात तंजावूरच्या गादीवर होते. त्यांच्या धन्वंतरी महालात औषधं बनत, रुग्णांवर उपचार होत. डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी तर त्यांनी अगदी बारकाईने ठेवल्या. आजार काय, उपचार कोणते केले, पुढे काय झालं, सोबत डोळ्यांची हाताने काढलेली चित्रं! या नोंदी आजही सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेल्या आहेत.

हे सगळं आठवायचं कारण माझी मावसबहीण. ती एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात मुलांना लॉगबुक ठेवावंच लागतं. पण तिच्या कॉलेजात काय होतं? परीक्षा जवळ आली की रात्रभर जागून वह्या भरायच्या आणि सकाळी एकगठ्ठा सह्या घ्यायच्या!

ई-पोर्टफोलिओत हे जमणं अवघड. नोंद कधी केली ते तारखेसह दिसतं. सरांना त्याच आठवड्यात शेरा देता येतो. शिवाय ‘काय केलं’ एवढ्यावर भागत नाही. ‘यातून काय शिकले, पुढच्या वेळी वेगळं काय करेन’ हेही लिहायचं असतं. वर्षभराने मागे वळून पाहिलं की आपली प्रगती आपल्यालाच दिसते.

पण खरी अडचण इथेच आहे. मनातलं खरं लिहिलं आणि तेच उद्या अंगाशी आलं तर?

ब्रिटनमध्ये ही भीती मोठ्या प्रमाणावर पसरली. एका सहा वर्षांच्या मुलाच्या मृत्यूप्रकरणी डॉ. हदीझा बावा-गार्बा दोषी ठरल्या आणि जानेवारी २०१८ मध्ये त्यांची नोंदणी रद्द झाली. ऑगस्टमध्ये ती परत मिळाली. त्यांचा ई-पोर्टफोलिओ कोर्टात पुरावा म्हणून मांडलेला नव्हता. तरीही अनेक तरुण डॉक्टर मोकळेपणाने लिहायला कचरू लागले.

दुसरी बाजू रुग्णाची. वही कपाटात राहते, मोबाइलमधला फोटो मात्र कुठेही पोहोचू शकतो. म्हणून रुग्णाची संमती हवी आणि नोंदीत त्याचं नाव-गाव नको.

माझं बहिणीशी यावर बरंच बोलणं झालं. ती म्हणाली, “अगं, मार्क आहेत म्हटल्यावर सगळे छान-छानच लिहिणार!” मला ते पटलं. किती रुग्ण तपासले, कोणती कौशल्यं आली, याला मार्क जरूर द्यावेत. पण ‘आज मी घाबरले’ हे वाक्य फक्त तिने आणि तिला शिकवणाऱ्या सरांनी वाचावं. ते वाक्य ज्या डॉक्टरला बिनधास्त लिहिता येतं, तिच्या हाती माझ्या आईला सोपवताना मला जास्त निर्धास्त वाटेल.