मिरीबरोबर न्यू फॉरेस्टच्या माळावर

साउदॅम्प्टनहून ब्रॉकनहर्स्टला जाणाऱ्या गाडीत कुत्र्याला तिकीट लागत नाही. एका प्रवाशाला दोन कुत्री फुकट नेता येतात. ती पट्ट्याला बांधलेली असावीत आणि बाकावर चढू नयेत, एवढीच अट. मिरी माझ्या पायाशी बसून दाराकडे बघत असते. ती आमची काळी कुत्री, अर्धी लॅब्रेडॉर, उरलेली अर्धी कोणती हे आश्रयगृहातल्या लोकांनाही सांगता आलं नाही. वीसेक मिनिटांत गाडी शहर मागे टाकते, झाडी जवळ येते आणि मिरीचं नाक हलायला लागतं.

या वेळी जुलैचे शेवटचे दिवस होते. स्टेशनातून उतरून आम्ही आधी उलट्या दिशेला, टेकाडावरच्या सेंट निकोलस चर्चकडे गेलो. तिथल्या आवारात हजार वर्षांहून जुना यू वृक्ष आहे. त्याच्या खोडाजवळ उभं राहिलं की बाकी सगळं कालपरवाचं वाटतं. पहिल्या महायुद्धात या गावात जखमी भारतीय सैनिकांचं रुग्णालय होतं. फ्रान्सच्या खंदकांतून लाहोर आणि मेरठ डिव्हिजनचे जवान इथे आणले जात. गावात आजही मेरठ रोड आहे. नंतर ते रुग्णालय न्यूझीलंडच्या सैन्याकडे गेलं, म्हणून आवारात न्यूझीलंडच्या सैनिकांच्या थडग्यांच्या रांगा आहेत आणि त्यांच्या सोबतीला थोडी भारतीयांचीही. मी दरवेळी तिथे थांबते. घरापासून इतक्या लांब, या ओल्या हिरव्या गावात डोळे मिटलेल्या त्या माणसांपाशी आपल्या भाषेतलं कुणी दोन मिनिटं उभं राहावं असं मला मनापासून वाटतं.

त्याच आवारात ब्रशर मिल्स पुरलेला आहे. हा न्यू फॉरेस्टचा साप पकडणारा. जंगलात झोपडी बांधून राहायचा, हजारोंनी साप पकडायचा आणि त्यांतले काही लंडनच्या प्राणिसंग्रहालयाला विकायचा. 1905 साली तो गेला तेव्हा लोकांनी त्याच्यासाठी संगमरवरी दगड उभारला. त्यावर तो हातात साप धरून झोपडीपुढे उभा आहे. इथला ॲडर हा ब्रिटनमधला एकमेव विषारी साप, आपल्या फुरशाच्या कुळातला. उन्हाच्या वेळी तो वाटेच्या कडेला अंग शेकत पडतो आणि कुत्र्याचं कुतूहल नेमकं नाकापासून सुरू होतं. कुत्र्याला दंश झालाच तर त्याला चालवायचं नाही, उचलून डॉक्टरकडे न्यायचं. चालण्याने विष लवकर पसरतं. मिरीचं वजन लक्षात घेऊन मी दूरच्या आडवाटा टाळते.

मग आम्ही गाव ओलांडून पश्चिमेला, ऱ्हाइनफील्ड रस्त्याच्या बाजूने व्हाइटफील्ड मूरवर आलो. न्यू फॉरेस्ट हे राष्ट्रीय उद्यान 566 चौरस किलोमीटरचं आहे आणि त्यातला फार मोठा भाग असा उघडा आहे. सपाट, किंचित उताराची जमीन, गुडघ्याखालचं हेदरचं झुडूप, मधूनमधून पिवळ्या फुलांचं काटेरी गॉर्स. बेल हेदर गडद जांभळा फुलला होता. ओलसर खोलगटात क्रॉस-लीव्ह्ड हीथची फिकट गुलाबी घंटांची झुबकी होती. सगळ्यात जास्त पसरलेला लिंग हेदर मात्र नुकता कुठे रंग धरत होता. तो ऑगस्टमध्ये बहरतो आणि मग सगळा माळ जांभळा होतो. दमछाक होईल असा चढ कुठेच नाही, धाप न लागता बोलत बोलत चालता येतं. म्हणूनच इथे म्हातारी माणसं आणि म्हातारी कुत्री बरोबरीने दिसतात.

हा माळ आपोआप टिकलेला नाही. हजारो वर्षांपूर्वी माणसाने झाडं तोडली, निकस वाळूमातीवर हेदर पसरलं आणि तेव्हापासून जनावरांच्या चरण्याने तो मोकळा राहिला. चराई थांबली तर बर्च आणि पाइनची रोपं काही वर्षांत सगळं व्यापतील. हिवाळ्यात ठरलेले पट्टे जाळतात, तेही जुनं हेदर जाऊन कोवळं यावं म्हणून. इथे दिसणारी घोडी जंगली नाहीत. पोनींची संख्या 5 हजारांच्या आसपास आहे आणि त्यांतल्या प्रत्येकीला मालक आहे. त्या मालकांना कॉमनर म्हणतात. पुरंदरच्या गायरानांच्या कडेने वाढलेल्या मला सामायिक चराई नवी नाही, पण इथे हक्क माणसाला नाही, घराला किंवा जमिनीला चिकटलेला असतो. ते घर ज्याच्याकडे, त्याला जनावरं सोडता येतात. दर जनावरामागे वर्षाची फी भरायची. फी भरली की ॲजिस्टर नावाचा राखणदार पोनीच्या शेपटीचे केस ठरावीक तऱ्हेने कापतो. प्रत्येक ॲजिस्टरची कापण्याची तऱ्हा वेगळी, त्यामुळे शेपूट बघून ती कुठल्या भागातली हे ओळखता येतं.

एक पोनी शिंगरासह वाटेत आडवी उभी होती. मी मिरीचा पट्टा आखडून घेतला आणि लांबून वळसा घातला. मिरी माझ्या पायाला अंग घासत चालली, मान वळवून शिंगराकडे बघत. घोडीने कान मागे पाडले, पण चरणं थांबवलं नाही. मला हा वळसा फार आवडतो. कोण कुणासाठी बाजूला होतं, यावरून त्या जागेचा मालक कळतो.

याच हिशेबाने इथे आणखी एक नियम आहे आणि तो मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. 1 मार्च ते 31 जुलै या काळात कुत्र्यांनी मुख्य वाट सोडायची नाही. माळावर जमिनीवरच अंडी घालणारे पक्षी असतात: रातवा, टिटवी, चंडोलाच्या जातीचे पक्षी, लांब वाकड्या चोचीचा कर्ल्यू. डार्टफर्ड वटवट्या गॉर्सच्या आणि हेदरच्या बुडाशी घरटं करतो. 1962-63 च्या कडाक्याच्या हिवाळ्यात सगळ्या ब्रिटनमध्ये त्याच्या दहा-अकराच जोड्या उरल्या होत्या. आज तो गॉर्सच्या शेंड्यावर बसून करकरतो ते या माळांच्या जिवावर. कुत्र्याने पक्ष्याला धरलं नाही तरी नुकसान होतं. आई घरट्यावरून उठते, अंडी गार पडतात, कावळ्याला जागा कळते. वाटेने चालणारं कुत्रं त्यांच्या ओळखीचं होतं. हेदरमध्ये घुसणारं कुत्रं त्यांच्या लेखी कोल्हाच. मिरी लांब पट्ट्यावर, वाटेच्या आत. तिला वासांचा काही तोटा पडत नाही.

ओबर वॉटरच्या काठावर मात्र पट्टा सैल केला. हा झरा चहाच्या रंगाचा आहे, पण पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे मोजता येतील. मिरी पोटापर्यंत पाण्यात उतरून उभी राहिली. मी काठावर बसून तिचे पंजे बघत होते आणि मला लिंडहर्स्टच्या सभागृहातली ती जुनी रिकीब आठवली.

1079 मध्ये विल्यम द कॉन्कररने हा सगळा मुलूख शिकारीसाठी राखून घेतला. हरणं राजाची. आत राहणाऱ्यांनी कुत्री पाळायची तर ती हरणामागे पळू शकणार नाहीत अशी करायची. त्यासाठी मोठ्या कुत्र्यांच्या पुढच्या पायाची तीन नखं छाटत. 1217 च्या वनसनदेत हे नियमाने बांधलं: तपासणी तीन वर्षांतून एकदाच, छाटणी तीन नखांपुरती, तळव्याची गादी कापायची नाही; आणि ज्याचं कुत्रं न छाटलेलं सापडेल त्याला तीन शिलिंग दंड. लिंडहर्स्टच्या व्हर्डरर्स हॉलमध्ये टांगलेल्या त्या रिकिबीतून जे कुत्रं पार होईल ते लहान, त्याला माफी, अशी तिथली परंपरा सांगते. ही सनद दयेची मानली जात होती, यावरून आधीचे दिवस कसे असतील याची कल्पना करवत नाही. त्याच जमिनीवर आज मिरी चारही पायांनी शाबूत उभी आहे आणि बदल्यात तिच्याकडून फक्त पाच महिने वाटेने चालणं मागितलं जातं. त्यावर कुरकुर करणारी माणसं मला भेटतात तेव्हा मी ही रिकिबीची गोष्ट सांगते.

पुढे ऱ्हाइनफील्डच्या बाजूला माळ संपून एकदम उंच झाडी सुरू होते. 1850 च्या दशकात लावलेले डग्लस फर आणि कॅलिफोर्नियाहून आणलेले सिक्वोया इथे आहेत. त्यांतले काही 50 मीटरच्या वर गेलेत. सिक्वोयाची साल बोटाने दाबली तर आत जाते, इतकी मऊ. खालची वाट सपाट, सुईपानांची, चाकाची खुर्चीही जाईल अशी. मिरीला वर बघण्यात रस नव्हता. तिला एका बुंध्याशी खारीचा माग लागला होता आणि तिने तो पट्टा पुरेल तिथपर्यंत मनोभावे शोधला.

परतताना कुंपणापाशी पोनींचं पाणी बघायला आलेल्या एका वयस्क कॉमनर बाईंशी बोलणं झालं. त्यांनी आधी मिरीला हात लावला, मग माझ्याकडे बघून हसल्या. शरदात या, म्हणाल्या, तेव्हा डुकरं सुटतात. हिरवी अकॉर्न फळं पोनींना आणि गाईंना विषारी असतात, डुकरांना पचतात. म्हणून दरवर्षी किमान 60 दिवस डुकरं रानात सोडतात, नाकात कडी घालून, जमीन फार उकरू नये म्हणून. डुकरीण पिल्लांसह असली तर कुत्र्याला जवळ नेऊ नका, हेही त्यांनी बजावलं. मग मुलं गाडी जोरात चालवतात, त्यात पोनी मरतात, ही खंत. माळावरच्या बिनकुंपणाच्या रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी 40 मैलांची आहे, तरीही.

घरी पोचल्यावर मिरीला न्हाणीघरात उभं केलं. नेच्यांतून चालल्यावर गोचीड हमखास लागते, आणि तिच्यातून माणसालाही लाइम रोग होऊ शकतो. कानामागे, काखेत, बोटांच्या फटीत बघत गेले. डाव्या कानाच्या पाळीवर एक सापडली. आकड्याच्या चिमट्यात धरून फिरवून काढली, मग माझ्याही घोट्यांवर, गुडघ्यामागे बघून घेतलं. मिरीने अंग झाडलं आणि ओल्या पायांनी सरळ तिच्या वाटीकडे गेली.