हँडलचा ठसा

वरसे ते रोहा हे अंतर सायकलीवर जाणवतही नाही. त्याच रस्त्यावर माझा नऊ वर्षांचा भाचा पडला. हँडलचे टोक बेंबीच्या वर पोटात रुतले आणि तेथे रुपयाएवढा तांबूस ठसा उमटला. रक्त नाही, हाड मोडलेले नाही. "मामा, आत दुखतंय," तो म्हणाला. मी त्याच्या खरचटलेल्या गुडघ्याला हळद लावली आणि काही झालेले नाही, असा निर्वाळा दिला. वर्गात शब्दांमागचे वाचायला शिकवणाऱ्या माणसाचा निर्वाळा!

संध्याकाळी तो जेवलाही. दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, दुखणे पाठीकडे सरकले, तो गुडघे पोटाशी घेऊन निपचित पडला. तेव्हा कुठे आम्ही मुंबई गाठली.

तेथील शल्यविशारदांचा पहिला प्रश्न होता: कशावर आपटला? स्वादुपिंड जठरामागे, पाठीच्या कण्यावर आडवे असते. पुढून हँडल दाबते, मागून कणा हटत नाही. ऐरणीवर ठेवल्यासारखी ती मऊ ग्रंथी चिरडते, प्रसंगी दुभंगते. मोठ्यांच्या बाबतीत हेच काम मोटारीचे स्टिअरिंग करते. इंद्रिय इतके मागे दडलेले, की सुरुवातीला पोट हाताला मऊच लागते. रक्तातले अमायलेज पहिल्या तीनेक तासांत पुष्कळदा वाढलेले नसते. लवकर काढलेला सीटी स्कॅनही फसवू शकतो. म्हणून तपासणी पुन्हा पुन्हा करायची. दरम्यान, अन्न पचवणारा रस बाहेर सांडला असेल, तर तो भोवतालच्या अवयवांनाही सोडत नाही. 'स्वादु' म्हणजे गोड. हे नाव त्या दिवसांत मला फार बोचले.

सारे एका प्रश्नाशी येऊन ठेपते: मुख्य नलिका शाबूत आहे का? ती कण्याच्या डावीकडे तुटली असेल, तर बहुधा शेपटाकडचा भाग काढतात, जमल्यास प्लीहा राखून; कधी दुर्बिणीतून नलिकेत बारीक नळी बसवतात. भाच्याची नलिका एमआरआयमध्ये शाबूत दिसली. मग फक्त थांबायचे. तोंडाने काही नाही, शिरेतून सलाइन, नंतर नाकातून आतड्यापर्यंत घातलेल्या नळीने अन्न. दर काही तासांनी कुणीतरी येऊन पोटावर हात ठेवी आणि काही न बोलता जाई. ते न बोलणे वाचता येईना.

तिसऱ्या आठवड्यात सोनोग्राफीत जठरामागे द्रव साठलेला दिसला. टोचून काढण्याची घाई त्यांनी केली नाही. दीड महिन्यात तो आपोआप जिरला.

हल्ली तो पडला, की मी आधी सदरा वर करायला लावतो. तो वैतागतो.