रायवळाच्या मुळावर

मृगाचा पाऊस स्थिरावला की कोकणातल्या रोपवाटिकांत कोयींची लगबग सुरू होते. कोयीला दम धरवत नाही. भाताचं बियाणं पुढच्या पेरणीपर्यंत कणगीत सुखाने राहतं. आंब्याची कोय मात्र सुकली की तिच्यातला जीव गेलाच. म्हणून रायवळ, म्हणजे कोयीतून उगवलेला गावठी आंबा, चोखून झाला की बाठे लगेच मातीत जातात. दोन-तीन आठवड्यांत वाफ्यातून तांबूस पानांची, अंगावर लकाकी असलेली रोपं वर येतात आणि कलम बांधणारे हात कामाला लागतात.

ते हात बघत राहावेत. रोपाचा शेंडा छाटायचा, उरलेल्या कोवळ्या खोडाला मधोमध चीर द्यायची. हापूसच्या खात्रीच्या झाडावरची, डोळा फुगलेली काडी दोन्ही अंगांनी पाचरीसारखी तासायची, चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. सालीला साल भिडली पाहिजे, एवढंच तिथला जाणता माणूस सांगतो. सालीच्या आतल्या अंगाला कँबियम हा पेशींचा अगदी पातळ थर असतो. झाडाचं खोड जाड होतं ते त्याच्यामुळे. दोन्हीकडचे थर एकमेकांना टेकले की जखमेतून नव्या पेशी फुटतात, फट भरून येते, आणि त्या भरावातूनच पाण्याच्या व अन्नाच्या वाहिन्या जुळतात. काही दिवसांनी डोळा हलतो.

जुळतात, पण मिसळत नाहीत. सांध्याच्या खाली रायवळ आणि वर हापूस, हे जन्मभर तसंच राहतं. खुंटाला फुटवा आला तर तो रायवळाचा. वेळीच खुडला नाही तर वरच्या हापूसला दाबून टाकतो.

एवढा खटाटोप करायचा, कारण हापूसची कोय पेरून हापूस मिळत नाही. मोहोरावर माश्यांनी कुठला पराग आणून टाकला कोण जाणे. कोयीतून येतो तो नवाच जीव. आपल्याला मात्र तीच चव, तोच गंध हवा असतो. पोर्तुगिजांच्या काळात गोव्यात आंब्याच्या कलमांना बहर आला आणि आफोंसो द आल्बुकेर्क याचं नाव या आंब्याला चिकटलं. तेव्हापासून काडीवरून काडी असा तो चालत आला. देवगडच्या कातळावरचं झाड आणि रत्नागिरीच्या परसातलं झाड ही एकाच जुन्या झाडाची वाढ आहे, हे मनात आलं की मला बागेत उभं राहून भरून येतं.

पण एकाच झाडाची वाढ म्हणजे त्याचे गुण सगळीकडे, आणि दुखणीही सगळीकडे. सुरेख दिसणारं फळ कापावं तर आत साका, पांढुरका आंबट गर. एक वर्ष झाड लगडतं, दुसऱ्या वर्षी नुसती पालवी. कलमाने ही दुखणी जात नाहीत, ती पुढच्या झाडात उतरतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्यावर वाट काढली ती संकराची: नीलम आणि हापूस यांच्यापासून १९८१ साली रत्ना आला, साका नसलेला, दरवर्षी धरणारा. म्हणजे सुधारणा आली ती पुन्हा कोयीतूनच. हापूसच्या मोहोरालाही परक्या जातीचा पराग मानवतो, म्हणून जाणते बागायतदार बागेत अधूनमधून दुसऱ्या जातींची झाडं ठेवतात.

आणि आपण रायवळ तोडतो आहोत. बिटकीएवढी फळं, धागे फार, बाजारात भाव नाही, म्हणून शंभर पावसाळे पाहिलेला बुंधा फळ्यांसाठी आडवा होतो. त्यातला प्रत्येक रायवळ वेगळा होता. त्याची काडी कुणी राखलेली नसते, त्यामुळे तो गेला की कायमचा गेला. पाऊस वेळापत्रक सोडून पडू लागला आहे, भर मोहोरात ढग दाटतात. अशा दिवसांत तगणारे गुण कुठल्या बांधावरच्या कुठल्या आंबट आंब्यात असतील, हे आज कुणाला सांगता येणार? हापूसचं प्रत्येक कलम रायवळाच्या मुळावर उभं आहे. ज्याने हापूसची बाग लावली, त्याने कडेचा रायवळ राखावा. तो उपकार नव्हे, देणं आहे.