काटा पुढे, सूर्य जागेवर

कोराडी आणि खापरखेडा ही दोन मोठी वीज केंद्रे आम्हा नागपूरकरांच्या उशाला आहेत. तरीही २००० नंतरच्या दशकात विदर्भाने तासन्‌तास भारनियमन सोसले. त्यामुळे वीज वाचवण्याचा कोणताही उपाय आम्ही कान देऊन ऐकतो. त्यातलाच एक उपाय म्हणजे घड्याळे पुढे करणे. संध्याकाळी उजेड जास्त वेळ राहील, दिवे उशिरा लागतील, असा त्यामागचा हिशेब.

हा उपाय आपल्या देशाला नवा नाही. दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, भारताची घड्याळे एक तास पुढे होती. पुढे बंगलोरच्या दिलीप आहुजा, डी. पी. सेनगुप्ता या अभ्यासकांनी २००७ साली वेगळी सूचना मांडली : भारतीय वेळ कायमचीच अर्धा तास पुढे न्यावी, म्हणजे संध्याकाळची विजेची ओढ कमी होईल.

पण नागपूरच्या मे महिन्यात वीज खातो तो दिवा नव्हे, कूलर. घड्याळ तासभर पुढे गेले तर माणूस कामावरून तासभर आधी, भर उन्हात घरी येणार आणि आल्याबरोबर कूलरचे बटण दाबणार. अमेरिकेतील इंडियाना राज्याने २००६ साली सर्वत्र ही पद्धत लागू केली, तेव्हा घरगुती विजेचा वापर घटण्याऐवजी सुमारे एक टक्का वाढल्याचे अभ्यासकांना आढळले. त्यात आता एलईडी दिवे घरोघर आले आहेत. दिव्यावर वाचणारी वीज आणखीच थोडी राहिली.

दुसरा प्रश्न जिवाचा आहे. जानेवारीत नागपुरात सूर्य उगवतो सातला पाच-सात मिनिटे कमी असताना. काटा तासभर पुढे नेऊन तो वर्षभर तसाच ठेवला, तर उजाडायला आठ वाजतील. सात वाजता शाळेला निघालेले पोर, झाडू घेऊन निघालेली सफाई कामगार बाई, सायकलवरचा पेपरवाला हे सारे अंधारात रस्त्यावर. बांगलादेशाने १९ जून २००९ रोजी घड्याळे पुढे केली. हिवाळ्यात शाळकरी मुलांचे हाल सुरू झाले आणि वर्षअखेरीस ती मागे घ्यावी लागली. पाकिस्ताननेही २००२, २००८ आणि २००९ साली हा प्रयोग करून सोडून दिला. अमेरिकेत तर काटा पुढे गेल्यानंतरच्या आठवड्यात जीवघेणे अपघात सुमारे सहा टक्क्यांनी वाढतात, असे २०२० साली प्रसिद्ध झालेले संशोधन सांगते. एका तासाची मोडलेली झोप रस्त्यावर वसूल होते.

आपल्या समाजाला तर हे चटकन उमगावे. नमाजच्या वेळा सूर्य ठरवतो. भारतीय वेळ मिर्झापूरजवळच्या रेखांशावर बेतलेली. नागपूर त्याच्या पश्चिमेला, म्हणून इथे सूर्य माथ्यावर येतो तो सरासरीने बारा वाजून चौदा मिनिटांनी. काटा तासभर सरकला की हेच सव्वा वाजता. मग एक ते दोनच्या सुटीत जुम्याची नमाज कशी बसवायची? जूनमध्ये मगरिब आठला, इशा नऊनंतर. रमजान उन्हाळ्यात आला की तरावीह आटोपून झोपायचे कधी? मोरोक्कोने २०१८ पासून घड्याळ तासभर पुढेच ठेवले आहे, पण रमजानपुरते ते मागे घेतले जाते. यातच सारे आले.

घड्याळाला हात न लावता कामाच्या वेळा बदलता येतात, हे विदर्भाला कोणी शिकवायला नको. उन्हाळा आला की इथली शाळा सकाळची होते. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे सांगितले, तेही मुलांच्या झोपेसाठी. ऋतू पाहून, कष्ट करणाऱ्याला विचारून वेळ ठरवावी. सरकारी हुकमाने काटा सरकतो, सूर्य सरकत नाही. आणि त्या दोघांमधला अंधार नेहमी पहाटे उठणाऱ्या गरिबाच्या वाट्याला येतो.