सपाट तोंडाचा गडी

त्याला नाक नाही. कपाळ, काच आणि हनुवटी एकाच ओळंब्यात. युरोपातल्या हमरस्त्यांवर तो हजारोंनी दिसतो. छातीवरचा बिल्ला कधी व्होल्वोचा, कधी स्कानियाचा, कधी डाफचा, पण तोंडवळा एकच. समोरून येताना भिंतच चालत आल्यासारखी वाटते. अवजड ट्रकांच्या सगळ्या गोतावळ्यात मला हाच गडी जवळचा वाटतो, कारण इतक्या कमी जागेत इतकं सगळं पोटात घेऊन तो वर्षानुवर्षं राबतो.

इंजिन त्याच्या पोटाखाली आणि ड्रायव्हर त्या इंजिनावर. पायऱ्या चढून वर जावं, तर बैठक थेट पुढच्या चाकांच्या माथ्यावर. रस्त्यातला खड्डा आधी चाकाला कळतो आणि लगेच ड्रायव्हरच्या मणक्याला. म्हणून तर या गाड्यांच्या सीटखाली हवेची उशी आली आणि केबिनही स्प्रिंगांवर तोलली गेली.

इंजिनाशी मोठं काम निघालं की अख्खी केबिन पुढे वाकवावी लागते. त्याआधी आतलं सगळं आवरावं लागतं, कारण मागची पकड सुटली आणि पंपाचा दांडा हलायला लागला की केबिन हळूहळू पुढे झुकते आणि आत राहिलेली प्रत्येक वस्तू काचेकडे धाव घेते. पाण्याची बाटली, चपला, चिल्लर, देवाच्या तसबिरीपुढचं सुकलेलं फूल. माणसाचा सगळा संसार पुढच्या काचेवर गोळा होतो, आणि मागे तेलकट, गरम इंजिन उघडं पडतं. ज्याच्या डोक्यावर आपण रात्रभर झोपलो ते हेच, असं त्या वेळी नीट कळतं.

त्याला हे रूप कुणी हौसेने दिलेलं नाही. त्याचं तोंड कायद्याच्या टेपने कापलेलं आहे. युरोपात ट्रॅक्टर आणि ट्रेलर मिळून लांबी सर्वसाधारणपणे साडेसोळा मीटरच्या वर नेता येत नाही. टेप पुढच्या बंपरला लागते आणि थेट शेपटापर्यंत ओढली जाते. ट्रेलरचा माल वाहणारा भाग साधारण 13.6 मीटरचा. तिथे एक वीत कमी केली तर तेवढा माल कमी, म्हणजे तेवढं भाडं कमी. मग काटछाट करायची कुठे? अर्थात ड्रायव्हरच्या खोलीत. नाक गेलं, इंजिन खाली सरकलं, आणि माणसाच्या वाट्याला सव्वादोन मीटरच्या आसपास जागा उरली.

ही काटछाट कुठवर जाऊ शकते, ते जर्मनीतल्या ट्रक-ट्रेलर जोड्यांनी दाखवलं. हलका पण पसरट माल नेणाऱ्या मालकांना हौद्याची लांबी हवी होती, म्हणून केबिन दिवसाच्या कामापुरती आखूड ठेवली गेली आणि बिछाना छपरावरच्या पेटीत गेला. टपावर चढून झोपायचं! अखेर 1991 मध्ये युरोपीय समुदायाने अशा जोड्यांसाठी दोन मापं ठरवली. एकूण लांबी 18.35 मीटर; आणि मालाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत, मधली फट धरून, 16 मीटर. वजाबाकी करून पाहा, 2.35 मीटर उरतात. तेवढी जागा मालाला खाता येणार नव्हती. लांबीच्या नियमांच्या रुक्ष कागदांत माझ्या मते एवढाच आकडा खरा माणुसकीचा आहे. ड्रायव्हरला पाय पसरता यावेत, याची तजवीज कायद्याने वजाबाकीतून केली.

अटलांटिकपलीकडे त्याचा भाऊबंद राहतो, तो लांब नाकाचा. केनवर्थ, पीटरबिल्ट. पुढे लांबलचक बोनेट, बाजूला उभी धुरांडी, मागे खोलीएवढं झोपायचं घर. अमेरिकेत नाक जन्मापासून असंच होतं, असा अनेकांचा समज असतो. तिथेही सपाट तोंडाचे ट्रक एकेकाळी रस्तोरस्ती होते, कारण अनेक राज्यांत एकूण लांबीवर मर्यादा होती, कुठे 55 फूट तर कुठे त्याहून थोडी जास्त. 1982 मध्ये संघराज्याने कायदा बदलला. मोठ्या महामार्गांवर ट्रॅक्टर धरून एकूण लांबी मोजायची नाही, मर्यादा घालायची ती ट्रेलरला, असं ठरलं. टेपचं पहिलं टोक बंपरवरून उचलून ट्रेलरच्या कपाळाला लागलं, एवढाच फरक. त्यानंतर नाकाला अडवणारं कुणी उरलं नाही. इंजिन पुढे, चाकं पुढे, ड्रायव्हर चाकांच्या मागे सुखात. लांबच्या सरळ रस्त्यावर वारा कापायलाही ते नाक उपयोगी. फ्रेटलायनरचा आर्गोसी हा तिथला शेवटच्या सपाट गड्यांपैकी एक. मायदेशी 2006 च्या सुमारास त्याचा बाजार आटला, तरी ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण आफ्रिकेत तो पुढेही विकला गेला. ऑस्ट्रेलियात तर दोघे शेजारी नांदतात. लांबीला घट्ट मर्यादा असलेल्या मार्गांवर सपाट, आणि उजाड मुलखात 53.5 मीटरपर्यंतचे ट्रेलरांचे ताफे ओढायला बहुधा नाकेला.

व्होल्वोचं पाहा. गोथेनबर्गची कंपनी एकच, पण युरोपसाठी तिचा एफएच सपाट आणि अमेरिकेसाठी व्हर्जिनियात बनणारा व्हीएनएल नाकेला. अभियंते एकाच शाळेतले. फरक टेपचा.

नाकेल्याचा मला हेवा वाटतो, पण जुन्या गावाच्या अरुंद वळणावर त्याची तारांबळ उडते आणि बोनेटच्या अगदी पुढे उभं असलेलं पोर त्याच्या ड्रायव्हरला दिसत नाही. सपाट गडी तिथे अंग चोरून वळतो. त्याचंही पायाशी नीट लक्ष नसतं, उंच बसल्यामुळे. लंडनने ड्रायव्हरला काचेतून थेट किती दिसतं याची मोजणी करून ट्रकांना परवाने द्यायला सुरुवात केली, ती म्हणूनच.

आणि आपल्याकडे? 1954 मध्ये जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज बनू लागला तेव्हा त्याला नाक होतं. पुढे ते आखूड होत गेलं आणि इंजिन अर्धंमुर्धं केबिनमध्ये शिरलं. ड्रायव्हरच्या डाव्या हाताला इंजिनाचं झाकण, त्यावर रेक्झिन, त्यावर गोधडी, आणि त्यावर क्लीनर नाहीतर वाटेत घेतलेला पाहुणा. उन्हाळ्यात त्या बाजूचा पाय भाजून निघायचा. आपली खरी गोष्ट मात्र केबिन चढण्याच्याही आधी सुरू होते. कितीतरी ट्रक कारखान्यातून केबिनशिवायच निघायचे. इंजिन, दर्शनी पत्रा, स्टिअरिंग, एक तात्पुरती बैठक, बस्स. तोंडाला फडकं आणि डोळ्यांना गॉगल लावलेले ड्रायव्हर ते उघडे सांगाडे शेकडो किलोमीटर हाकत न्यायचे, ऊन असो की पाऊस. मग नामक्कलसारख्या गावांत सुतार आणि पत्रेवाले लाकडाचा साटा उभारून त्यावर केबिन बांधायचे. नक्षी, आरसे, झालरी सगळं असायचं. त्या कारागिरांच्या हाताला मी नमस्कार करतो. पण लाकूड टक्कर झेलत नाही, आणि केबिनवर किती खर्चायचं ते मालक ठरवायचा. आत बसणाऱ्याला कुणी विचारत नसे.

युरोपात टेपने जागा कापली, तरी त्याच कायद्याने उरलेली जागा राखलीही. आपल्याकडे मालकाचा हिशोब तेवढा पुरला. केंद्र सरकारने 2023 मध्ये अधिसूचना काढली, की 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांची केबिन वातानुकूलित हवी. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो, त्या रस्त्यावर कोळसा वाहणाऱ्याला हे सुख फार आधी मिळायला हवं होतं. जमशेदपूरहून पहिला ट्रक निघाल्यापासून इथवर यायला सत्तर वर्षं लागली. रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांना तर हा नियम लागूही नाही. त्या अजून पुष्कळ वर्षं धावतील, आणि त्यांच्या मालकांना केबिनमध्ये निदान एक धड पंखा, एक जाड पडदा आणि झोपेपुरती सपाट फळी बसवायला कुठल्या अधिसूचनेची गरज नाही.