अर्धा सामना

गॅलरीत बसून टेनिसचे फोटो काढायचे म्हटले, की आधी अर्ध्या सामन्यावर पाणी सोडावे लागते. आजूबाजूच्या माना डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरत असतात. कॅमेरा डोळ्याला लावलेल्याची मान मात्र जागची हलत नाही. चेंडू जाळीपलीकडे गेला म्हणून त्याच्यामागे लेन्स फिरवावी, तर तिथे फोकस बसेपर्यंत तो अलीकडे परतलेलाही असतो. ना धड हे टोक हाती लागते, ना ते. म्हणून एक बाजू निवडायची, एक खेळाडू धरायचा आणि दुसरा असून नसल्यासारखा मानायचा.

पुणेकरांना ही चैन २०१८ पासून परवडू लागली. चेन्नईत वर्षानुवर्षे रुजलेली एटीपी स्पर्धा त्या वर्षी 'महाराष्ट्र ओपन' होऊन म्हाळुंगे-बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात आली. तोवर टीव्हीवर पाहिलेली माणसे अचानक हाकेच्या अंतरावर घाम पुसताना दिसू लागली. जानेवारीत सकाळी स्वेटर घालून निघावे, दुपारी तो मांडीवर घेऊन बसावे आणि फ्लडलाइट लागल्यावर पुन्हा चढवावा, असे ते दिवस. पिशवीत साधी झूम लेन्स, जास्तीची बॅटरी आणि गेटवर सुरक्षारक्षकाने काढून ठेवायला न लावलेले जे काही असेल ते. प्रेक्षकाच्या लेन्सवर सगळीकडेच डोळा असतो. विम्बल्डनला तर ३०० मिलिमीटरपेक्षा लांब पल्ल्याची लेन्स आतच नेता येत नाही.

खाली कोर्टाच्या कडेला जॅकेटवाले असतात, वृत्तपत्रांचे आणि संस्थांचे छायाचित्रकार. एका पायाच्या स्टँडवर तोफेएवढ्या लेन्स टेकवून ते जमिनीलगत बसतात. त्यांच्या चित्रात खेळाडू उंच दिसतो आणि मागे जाहिरातीचा फलक धुरकट होऊन जातो. आम्हा वरच्यांच्या वाट्याला फलक येत नाही, कोर्टाची स्वच्छ, रंगीत जमीन येते. त्या जमिनीवर खेळाडू, त्याची सावली आणि चेंडूची वेगळी, सुटी, छोटीशी सावली. चेंडू किती उंचावर आहे ते चेंडू आणि त्याची सावली यांच्यामधले अंतर सांगते. खालून हे दिसत नाही. फुकटात मिळालेला हा एवढाच फायदा, पण तो मोठा आहे.

बाकी सगळा हिशेब आपल्या विरुद्ध असतो. ताशी दोनशे किलोमीटर वेगाची सर्व्हिस सेकंदाच्या हजाराव्या हिश्शात साडेपाच सेंटिमीटर पुढे सरकते, म्हणजे जवळजवळ स्वतःच्या व्यासाइतकी. शटर एवढे वेगवान ठेवले तरी चेंडू लांबुळका येतो. गोल हवा असेल तर दोन हजाराव्या हिश्शापर्यंत किंवा त्याच्याही खाली जावे लागते, आणि तेवढा उजेड संध्याकाळी बालेवाडीला नसतो. चेंडू आणि रॅकेटच्या तारा यांची गाठ पडते ती जेमतेम पाच मिलिसेकंद. सेकंदाला दहा चित्रे घेणारा कॅमेरा सलग चालवला तरी दोन चित्रांच्या मधल्या वेळात ही भेट वीस वेळा होऊन जाईल. फटक्याचा आवाज ऐकून बटण दाबू म्हणाल, तर पलीकडच्या टोकाकडून आवाज कानापर्यंत यायलाच सेकंदाचा दहावा हिस्सा जातो. ऐकू आले तेव्हा सगळे आटोपलेले असते. थोडक्यात, चेंडूच्या मागे लागण्यात अर्थ नाही. बटण आधी दाबायचे असते, आणि आधी म्हणजे नेमके कधी, हे फक्त खेळाडूचे शरीर सांगू शकते.

ते सांगतेही, अगदी पायांपासून. सर्व्हिस परतवायला उभ्या असलेल्या माणसाकडे एकदा नीट बघा. तो वाकलेला असतो, रॅकेट दोन्ही हातांत, वजन या पायावरून त्या पायावर. मग एका क्षणी तो जागच्या जागी बारीकशी उडी घेतो. उडी कसली, टाचा उचलतात, तळवे जमिनीपासून बोटभर सुटतात, आणि खाली येतानाच एक पाय बाहेरच्या बाजूला वळलेला असतो. या उडीला खेळाडू 'स्प्लिट स्टेप' म्हणतात. समोरचा मारायच्या बेतात असताना पाय उचलायचे आणि चेंडू कुठे निघाला हे कळता कळता ते जमिनीला लागायचे, अशी ती बांधलेली असते. दर फटक्याला, अख्खा सामनाभर. टीव्हीवर आपण चेंडू बघत असतो, म्हणून ती कधी दिसत नाही. अर्धाच सामना बघणाऱ्याला मात्र पहिल्यांदा तीच दिसते. पलीकडचा माणूस माझ्या चौकटीत नसतो, पण त्याने रॅकेट कधी फिरवली ते मला या उडीतून कळते. पाय कुठे वळला त्यावरून चेंडू कुठे येतोय ते कळते. खांदा किती मागे गेला त्यावरून, किती जोरात. घरात कोणी फोनवर बोलत असले की पलीकडचा आवाज न येताही कोणाचा फोन आहे, बातमी बरी की वाईट, हे जसे ओळखू येते, तसेच हे.

हा माझा शोध नव्हे. फ्रेंच टेनिस महासंघाचे तंत्रसंचालक जिल द केर्मादेक यांनी रोलां गॅरोला वर्षानुवर्षे सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर खेळाडूंचे चित्रण केले, एका वेळी एकाच खेळाडूवर कॅमेरा रोखून. त्यातले जॉन मॅकेन्रोचे तुकडे घेऊन ज्युलियाँ फारो याने २०१८ मध्ये एक अख्खा चित्रपट रचला. १९८४ हे मॅकेन्रोचे सर्वांत मोठे वर्ष. वर्षभरात फक्त तीन सामने तो हरला. त्यातलाच एक पॅरिसचा अंतिम सामना, इव्हान लेंडलविरुद्ध, पहिले दोन सेट जिंकून गमावलेला. चित्रपटात लेंडल जवळजवळ नाहीच. मॅकेन्रो सर्व्हिस करतो, धावतो, पंचांवर ओरडतो, कॅमेऱ्याच्या घरघरीवरही ओरडतो, आणि एका न दिसणाऱ्या माणसाकडून हळूहळू हरत जातो. लेंडल कधी सावरला, ते आपल्याला मॅकेन्रोच्या खांद्यांवर वाचावे लागते.

जानेवारी २०१९ मध्ये पुण्याच्या अंतिम सामन्यात केव्हिन अँडरसन आणि इवो कार्लोविच समोरासमोर आले. एक २०३ सेंटिमीटर, दुसरा २११. एटीपीच्या इतिहासातली सर्वांत उंच माणसांची अंतिम लढत. कार्लोविच तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा. कॅमेरा आडवा धरला की रॅकेट चौकटीबाहेर, म्हणून मी तो उभा धरला आणि उभाच ठेवला. तिन्ही सेट टायब्रेकपर्यंत गेले, ७-६, ६-७, ७-६, आणि अँडरसन जिंकला. पण रॅली म्हणाव्या अशा फारशा नव्हत्याच. सर्व्हिस, फार तर एक फटका, गुण. प्रेक्षकांत जांभया होत्या. माझ्या बाजूला मात्र मेजवानी होती. कार्लोविच मुलांकडून चेंडू घ्यायचा, एक नाकारून मागे सारायचा, दुसरा खिशात टाकायचा. हात वर जायचा. उंच टाकलेला चेंडू शिखराला पोचला की क्षणभर खरोखरच थांबतो, वर जाणे संपलेले, खाली येणे सुरू न झालेले. साध्या लेन्सवाल्यालाही तिथे तो गोल आणि स्थिर मिळतो. माणसाचे तोंड आभाळाकडे, डावा हात अजून वरच, आणि अख्ख्या स्टेडियमला पुढच्या धडाक्याची खात्री.

स्कोअर मला माहीत नव्हता. शेजारच्या काकांना विचारले, ''किती झाले हो?''

''पाच-पाच. टायब्रेक चालू आहे तिसऱ्या सेटचा.'' मग त्यांनी माझ्या कॅमेऱ्याकडे बघितले. ''अहो, मग तुम्ही इतका वेळ बघताय तरी काय?''

प्रश्न रास्त होता. मी अँडरसन बघत नव्हतो हे त्यांना सांगायचा धीर झाला नाही.

टेनिसचे नियम मात्र माझ्यासारख्यांची सोय बघतात. विषम गेम संपला की खेळाडू बाजू बदलतात. मी जागेवरून उठत नाही. ज्याला सोडले होते तोच चालत माझ्या बाजूला येतो, आणि ज्याला इतका वेळ वाचत होतो तो पलीकडे जाऊन अदृश्य होतो. दुहेरीत तर बेसलाइनमागची स्वस्त जागा सर्वांत श्रीमंत ठरते. २०२२ मध्ये रोहन बोपण्णा आणि रामकुमार रामनाथन यांनी पुण्याचे दुहेरीचे विजेतेपद मिळवले. दुहेरीत जाळीजवळ उभा असलेला जोडीदार सर्व्हिसच्या आधी हात पाठीमागे नेतो आणि बोटांनी खूण करतो: इकडे टाक, मी तिकडे जातो. प्रतिस्पर्ध्यांना ते दिसता कामा नये. माझ्या जागेवरून मात्र ते व्यवस्थित दिसत होते.

संध्याकाळी घरी पोचेपर्यंत जॅकेटवाल्यांची चित्रे फोनवर आलेली असतात. माझ्यापेक्षा जवळची, माझ्यापेक्षा धारदार. त्यांना पर्याय नसतो. शेवटचा गुण पडला की जिंकणाऱ्याची मूठ, करंडक, आणि काही मिनिटांत चित्र रवाना. मला कोणी काही मागत नाही. मी हरणाऱ्याच्या टोकाला बसून राहू शकतो. असाच झाक आंरी लार्तीग शंभर वर्षांपूर्वी दक्षिण फ्रान्समध्ये टेनिसपटू सुझान लेंग्लेनचे फोटो काढत होता, हवेत, दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेले. तो स्वतःला चित्रकार समजे. छायाचित्रण ही त्याची लहानपणापासूनची हौस. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९६३ मध्ये त्याचे प्रदर्शन भरवले तेव्हा तो एकोणसत्तर वर्षांचा होता. तोवर ती चित्रे बहुतेक कुणाच्या मागणीवाचून नुसती जमत गेली होती.

२०२३ नंतर पुण्यात एटीपी स्पर्धा राहिली नाही, खालच्या दर्जाची चॅलेंजर आली. २०२४ ची चॅलेंजर मोनॅकोच्या व्हॅलेंटीन वाशरोने जिंकली. गॅलरी बरीच रिकामी होती, हवी ती खुर्ची मिळत होती. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये हाच वाशरो २०४ व्या क्रमांकावर असताना शांघायला गेला, पात्रता फेरीतून वर आला, जोकोविचला आणि अंतिम सामन्यात स्वतःच्या मावसभावाला हरवून विजेता झाला. एवढ्या खालच्या क्रमांकाच्या खेळाडूने मास्टर्स स्पर्धा जिंकल्याची याआधी नोंद नाही. बातमी वाचून मी जुने फोल्डर उघडले. काहीतरी आधीच दिसलेले असेल, अशी आशा होती.

तसे त्यात काही नाही. वाकलेले गुडघे, दोन सावल्या, बोटभर सुटलेले तळवे. बाजू बदलल्यावर काढलेल्या चित्रांत त्याचा प्रतिस्पर्धीही तसाच उडालेला, तितकाच तयार. कोण पुढे मास्टर्स जिंकणार आणि कोण पुढच्या चॅलेंजरचे तिकीट काढणार, हे पायांवरून ओळखता येत नाही. ते ठरते उरलेल्या अर्ध्यात, आणि तो अर्धा मी गेटवरच सोडून आलेला असतो. मला वाटते, त्यामुळेच मी दोघांचेही फोटो सारख्याच मन लावून काढू शकतो.