भांडं घरातच होतं

गेल्या महिन्यात आमच्या धाकट्या मुलीला शाळेतून पिरॅमिडवर प्रकल्प मिळाला. रात्री दस्तरख्वान उचलला की तिथेच पुस्तकं मांडून आम्ही सगळे बसायचो. त्यात मुहम्मद झकरिया गोनेम हे नाव भेटलं. प्रकल्प संपला, नाव मात्र मनातून गेलं नाही.

गोनेम इजिप्तचेच. सक्कारा इथल्या पुरातत्त्वस्थळाचे ते मुख्य निरीक्षक होते. तिथे जोसर राजाचा सहा टप्प्यांचा, साडेचार हजार वर्षांहून जुना पिरॅमिड आहे. त्याच्या नैऋत्येला वाळूखाली गोनेम यांना पांढऱ्या चुनखडीची, खाचाखाचांची भिंत लागली. जोसरच्या आवारालाही अशीच भिंत. गोनेम यांनी ताडलं, भिंत आहे तर आत पिरॅमिडही असणार.

आणि तो निघाला! सेखेमखेत राजाचा, सुरुवातीलाच अर्धवट राहिलेला. पण अर्धवट असल्यामुळेच आतल्या बाजूला कलते रचलेले दगडांचे थर उघडे दिसत होते. टप्प्यांचा पिरॅमिड कसा उभारत, ते त्यातून कळलं. जमिनीखाली खडकात कोरलेल्या दालनात अलाबास्टरची बंद शवपेटी होती. 1954 मध्ये ती उघडली, तर रिकामी. लोकांची निराशा झाली. गोनेम मात्र काम करत राहिले, त्या शोधावर त्यांनी पुस्तकही लिहिलं.

पुढे त्यांच्यावर आळ आला. सक्कारात पूर्वी सापडलेलं एक मोठं मौल्यवान भांडं गायब आहे, ते यांनीच देशाबाहेर पाठवलं, असा. चौकशीमागून चौकशी सुरू झाली. त्यांचे मित्र झाँ-फिलिप लोएर हे फ्रेंच वास्तुविशारद, जोसरच्या आवाराचे पडलेले दगड जुळवण्यात आयुष्य घालवलेले. त्यांनी ते भांडं शोधलं. ते कैरोच्या संग्रहालयातच एका कोपऱ्यात पडून होतं. पण उशीर झाला होता. 1959 च्या जानेवारीत गोनेम यांनी नाईलमध्ये जीव दिला.

हे मोठ्याने वाचताना आम्ही दोघं थबकलो. मुलांनाही कारण ठाऊक होतं.

चार वर्षांपूर्वी घरातली सोन्याची एक बाली हरवली. कामाला येणाऱ्या खालांना आम्ही थेट काही बोललो नाही. फक्त दोनदा विचारलं, आणि कपाटाला कुलूप लावायला लागलो. त्या समजल्या. महिना भरताच काम सोडून गेल्या. हिवाळ्यात पेटीतली गोधडी झटकली, तर बाली खाली पडली.

आम्ही त्यांच्या घरी गेलो, माफी मागितली. त्यांनी चहा केला, मुलांची चौकशी केली. ‘कामाला या’ म्हटलं, तेव्हा मात्र नुसत्या हसल्या. त्या परत आल्या नाहीत.

आता घरात काही हरवलं, की आम्ही आधी आमचीच पेटी उपसतो.